हजार मीटरची नजर

डोंगरावर जाऊन आलेल्या माणसाला घरी हमखास विचारतात, किती उंच होता? कळसूबाई म्हटलं की १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७, तोरणा १,४०३. हे आकडे ट्रेकिंग करणाऱ्या पोरांना पाढ्यांपेक्षा चांगले पाठ असतात. या मोजणीमागे एक समजूत असते, ती अशी की जितकं उंच जावं तितकं लांबचं दिसतं आणि जितकं लांबचं दिसतं तितका देखावा मोठा. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा मात्र तपासून पाहावा असा आहे. डोंगरावरून दिसणाऱ्या देखाव्याची प्रत माथ्याच्या उंचीवर फार थोडी ठरते. माथा रुंद आहे की अरुंद, त्याची कड किती सरळ तुटलेली आहे, समोर आणि शेजारी कोण उभं आहे, आणि त्या दिवशी हवा कशी आहे, यांवर ती जास्त ठरते. ही मोजमापं लावली तर सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशी हजार मीटरच्या आसपासच्या दोन डोंगरांची वाट पुष्कळदा बड्या शिखरांना मागे टाकते. पुण्या-मुंबईच्या मधोमध असलेली लोहगड-विसापूरची वाट हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. ती इतकी परिचित आहे की तिच्याकडे विचारपूर्वक पाहायचं बहुतेकांचं राहूनच जातं.

पुणे-लोणावळा लोकलचं लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली. तिथं उतरून दक्षिणेकडे तोंड केलं की दोन डोंगर दिसतात. डावीकडे लांबलचक सपाट माथ्याचा विसापूर, १,०८४ मीटर. त्याच्या पलीकडे पश्चिमेला लोहगड, १,०३३ मीटर. हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे आहेत, आणि मळवली स्वतःच सहाशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे प्रत्यक्षात चढायचे ते सव्वाचारशे ते पावणेपाचशे मीटर. द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गाव, गावाच्या वर विसापूरच्याच डोंगरात कोरलेली भाजे लेणी, पुढे चढत जाणारी वाट, आणि मग दोन्ही गडांच्या मधली गायमुख खिंड. खिंडीतून एका अंगाला विसापूर, दुसऱ्या अंगाला लोहगडवाडी आणि लोहगड. धडधाकट माणसाला दोन्ही गड एका दिवसात नीट पाहून होतात, दोर लागत नाही, तंबू लागत नाही. साहसाच्या हिशेबात या वाटेला कुणी फारसे गुण देणार नाही.

आता उंचीचं गणित पाहू. पृथ्वी गोल असल्यामुळे उंचावरून क्षितिज किती लांब दिसेल याचा एक साधा ठोकताळा आहे: आपण भोवतालच्या जमिनीपेक्षा जितके मीटर वर असू त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ३.५७ ने गुणायचं, की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. चारशे मीटर वरून साधारण ७१ किलोमीटर. नऊशे मीटर वरून १०७. चढाई सव्वादोनपट झाली, नजर दीडपटच लांबली. नजर दुप्पट लांब न्यायची तर उंची चौपट करावी लागते. शिवाय हे सगळं हवा आरशासारखी लख्ख असेल तर. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने बाष्प, धूळ, वणव्यांचा आणि गाड्यांचा धूर मिळून असा धुरकट पडदा तयार होतो की सत्तर किलोमीटर तर सोडाच, त्याच्या निम्म्यावरचा डोंगरही ओळखू येत नाही. वाढीव उंचीने जे जादा अंतर मिळतं ते नेमकं या पडद्याच्या पलीकडचं असतं. बहुतेक दिवशी डोळ्याला त्याचा उपयोग नाही.

उंचीचा आणखी एक तोटा आहे, आणि तो हवा स्वच्छ असली तरी टळत नाही. फार वरून पाहिलं की खालचा मुलूख चपटा होतो. विमानाच्या खिडकीतून सह्याद्री पाहणाऱ्याला तो चुरगाळून पुन्हा उलगडलेल्या कागदासारखा दिसतो. कडे, सोंडा, खिंडी सगळं आहे, पण काहीही उभं नाही. चारशे मीटरवरून दोन किलोमीटरवरच्या गावाकडे पाहताना नजर जेमतेम अकरा अंश खाली कलते. त्या कलातून घरांची छपरं, खाचरांचे बांध, देवळाचा कळस ओळखू येतात, आणि समोरचा डोंगर तर चक्क डोळ्यांच्या पातळीवर असतो. त्याची बाह्यरेषा आकाशावर उमटते. लोहगडावरून दिसणारे तुंग आणि तिकोना हे दोन्ही किल्ले त्याच्याच उंचीचे, हजार मीटरच्या थोडे वर. म्हणूनच ते इतके ठसठशीत दिसतात. त्यांच्यापेक्षा पाचशे मीटर उंच एखादं शिखर लोहगडाच्या जागी असतं, तर तिथून तुंगचा टोकदार सुळका म्हणजे पवनेच्या पाण्याकाठचा एक उंचवटा वाटला असता.

पण साधारण उंची पुरते, असं प्रत्येक प्रदेशाबद्दल म्हणता येणार नाही. सह्याद्रीत ती पुरते याला कारण इथला दगड. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून दख्खनचं पठार तयार झालं. हे थर जवळजवळ आडवे आहेत आणि सगळे सारखे टणक नाहीत. घट्ट काळ्या पाषाणाचा थर झिजायला तयार नसतो, त्याचा कडा होतो. सच्छिद्र, मऊ थर झिजून त्याचा उतार होतो, त्यावर माती साठते, रान वाढतं, वाड्या वसतात. डोंगर असा टप्प्याटप्प्याने चढतो आणि बहुतेक वेळा शेवटचा टप्पा कातळकड्याचा असतो. याचा देखाव्याशी थेट संबंध आहे. गोलसर, फुगीर माथ्याच्या टेकडीवर उभं राहिलं तर तिचाच उतार समोर येतो आणि पायथा झाकून टाकतो. सरळ तुटलेल्या कड्यावर उभं राहिलं की पायाच्या बोटांपासून दरी सुरू होते. चारशे मीटरच्या डोंगराला असा कडा मिळाला, की खोलीची जी जाणीव होते ती हजार मीटरच्या गोल डोंगरावर होत नाही.

ही गोष्ट या दोन शेजाऱ्यांमध्येच पडताळून पाहता येते. विसापूर लोहगडापेक्षा पन्नासेक मीटरने उंच आहे आणि विस्ताराने तर कितीतरी मोठा. उंचीचा नियम खरा असता तर देखाव्यात विसापूरने बाजी मारायला हवी होती. प्रत्यक्षात त्याच्या अफाट पठाराच्या मधोमध उभं राहिलं तर दिसतं ते गवत, पाण्याची टाकी, पडक्या जोत्यांचे चौथरे आणि आकाश. देखावा हवा असेल तर तटापर्यंत चालत जावं लागतं, आणि तटावरही एका वेळी एकच बाजू मिळते. (विसापूरचा तट स्वतःच पाहण्याजोगा आहे, पण तो वेगळा विषय.) लोहगडाला मात्र पश्चिमेच्या अंगाला विंचूकाटा नावाची माची आहे, सुमारे दीड किलोमीटर लांब आणि तीसेक मीटर रुंद. ती गडाच्या माथ्यापेक्षा खाली आहे. तिच्यावर जायला थोडं उतरावं लागतं. तरीही या अख्ख्या दिवसातला सर्वांत मोकळा देखावा तिथंच मिळतो, कारण दोन्ही बाजूंना कडे आहेत आणि मान वळवण्याखेरीज काही करावं लागत नाही. उंची सोडून खाली गेल्यावर नजर वाढते, याहून सोपा पुरावा कुठे मिळणार?

दोन डोंगर एका वाटेत घेण्याचा फायदा यातूनच पुढे येतो. एकाच उंच शिखरावरून सगळं दिसतं, फक्त ते शिखर दिसत नाही. लोहगड-विसापूरच्या वाटेवर प्रत्येक डोंगर दुसऱ्याच्या देखाव्यात असतो. लोहगड कसा बसला आहे, विंचूकाटा त्याला कसा जोडला आहे, हे लोहगडावर फिरून कळत नाही. ते विसापूरच्या पश्चिम तटावरून कळतं. आणि जे कळतं ते नुसतं सौंदर्याचं नाही. ४ मार्च १८१८ रोजी इंग्रज सेनापती प्रॉथरने आधी विसापूर घेतला. दुसऱ्याच दिवशी मराठ्यांनी लोहगड सोडला. चार दरवाज्यांनी राखलेला, नाना फडणविसांनी डागडुजी केलेला मातब्बर गड असा एका दिवसात का सुटला, याचं उत्तर विसापूरच्या तटावर उभं राहून समोर पाहिलं की मिळतं. पन्नास मीटर वरून, तोफेच्या टप्प्यात, लोहगड पुरता उघडा पडतो. इथं उंचीला किंमत होती हे मान्य करायला हवं. पण ती शेजाऱ्याच्या तुलनेतली उंची होती, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. पुढे इंग्रजांनी विसापूरचे दरवाजे आणि तटाचा मोठा भाग पाडला, लोहगड बराचसा तसाच ठेवला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात लोहगड आहे, विसापूर नाही.

देखावा म्हणजे शहरी माणसाची चैन, असा एक आक्षेप घेतला जातो. खाली राबणाऱ्याला डोंगर बघायला वेळ कुठे असतो? पण लोहगडावरून जे दिसतं ते वाचलं, तर हा आक्षेप टिकत नाही. ही डोंगररांग पाणलोटाची सीमा आहे. उत्तरेला पडलेला पाऊस इंद्रायणीत जातो, देहू आणि आळंदीवरून वाहतो. दक्षिणेला पडलेला पवनेत जातो, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीजवळून वाहत मुळेला मिळतो. शेवटी दोन्ही भीमेत एकत्र येतात. उत्तरेच्या दरीतून बोरघाटाकडे जाणारे सगळे मार्ग एका नजरेत येतात: लोहमार्ग, जुना महामार्ग, द्रुतगती मार्ग. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांकडून दख्खनच्या बाजारपेठांकडे जाणारे तांडे याच दरीतून जात, आणि म्हणूनच भाजे लेणी या अंगाला तर कार्ले लेणी समोरच्या डोंगरात आहेत. दक्षिणेला तुंग आणि तिकोना. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चौघेही होते. कागदावर ती चार नावं आहेत. वरून पाहिलं की कळतं, चौघे मिळून हा सगळा पवन मावळ आणि घाटाची वाट डोळ्यांत धरून बसले होते, आणि ते गेले तेव्हा काय गेलं. मधलं निळं पाणी पवना धरणाचं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. फोटोत तेच सर्वांत सुंदर येतं. पण त्याखाली गावांची शेतं गेली आहेत आणि ते पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं. हेच पाणी बंद जलवाहिनीतून शहराला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जण मारले गेले. धरण, शेतं, रस्ता आणि शहराकडे जाणारं पाणी या सगळ्यांचा परस्परसंबंध एका ठिकाणाहून डोळ्यांना दिसणं, याला चैन म्हणता येणार नाही. आणि हा संबंध दिसायला फार उंची चालतच नाही; शेताचा बांध ओळखू यायला हवा.

आता उंचीच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा. कळसूबाईवरून दिसणारा देखावा महाराष्ट्रातल्या उत्तम देखाव्यांपैकी आहे, आणि कळसूबाई सर्वांत उंच आहे. मग दोहोंचा संबंध नाही असं कसं म्हणायचं? देखावा उत्तम आहे यात वाद नाही. पण तो कशामुळे उत्तम आहे? कळसूबाईचा माथा निमुळता आहे, शेवटच्या टप्प्यांवर शिड्या लावाव्या लागल्या इतका उभा, आणि वर देवीचं छोटं देऊळ व थोडी जागा एवढंच मावतं. शिवाय जवळच अलंग, मदन आणि कुलंग ही जबरदस्त कड्यांची तिकडी उभी आहे, आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी. म्हणजे अरुंद माथा, तुटलेल्या कडा, तोलामोलाचे शेजारी. कळसूबाईचं वैभव याच तीन गोष्टींत आहे. तिच्यातून दीडशे मीटर वजा केले तर पहिला क्रमांक जाईल, देखावा फारसा बदलणार नाही. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये आल्फ्रेड वेनराइट नावाच्या माणसाने १९५५ ते १९६६ या काळात सात खंडांत तिथल्या २१४ डोंगरांची हस्तलिखित आणि रेखाटनांची मार्गदर्शिका केली. त्या भागातलं, आणि इंग्लंडमधलंही, सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक, ९७८ मीटर. वेनराइटचा जीव मात्र हेस्टॅक्सवर होता, अवघ्या ५९७ मीटरच्या खडबडीत, तळ्यांनी भरलेल्या, चहूबाजूंनी थोरल्या डोंगरांनी वेढलेल्या माथ्यावर. १९९१ मध्ये तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षाही तिथंच विखुरली. दोनशे चौदा डोंगर मोजलेल्या माणसाची ही निवड आहे, हौशी माणसाची नाही.

दुसरा आक्षेप गर्दीचा, आणि तो रास्त आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, मोबाइलचे स्पीकर आणि वेफर्सची पाकिटं वेगळीच. सोपा आणि स्टेशनजवळचा डोंगर म्हटल्यावर हे व्हायचंच. पण या गर्दीचं वेळापत्रक पाहिलं तर तिचा देखाव्याशी संबंध नाही हे लक्षात येतं. जुलै-ऑगस्टमध्ये गड दिवसच्या दिवस धुक्यात असतो. लोक भिजायला येतात, धबधब्याला येतात, भजी-मक्याच्या कणसाला येतात. त्यात वाईट काही नाही, पण विंचूकाट्यावरून त्यांना दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. पाऊस परतला, हवेतली धूळ धुऊन गेली, गवत अजून हिरवं आहे आणि उतारांवर सोनकी पिवळी झाली आहे, अशा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या दिवसांत, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, हाच गड बऱ्यापैकी मोकळा असतो आणि नजर सर्वांत लांब जाते. मार्चनंतर पुन्हा धुरकं. विसापूरला तर लोहगडाच्या मानाने गर्दी नेहमीच कमी. पठार इतकं मोठं आहे की आलेली माणसं त्यात विखुरतात. शिवाय गर्दीची दुसरी बाजूही आहे. लोकलच्या तिकिटात आजी, नातू आणि डबा घेऊन जाता येईल असे गड किती आहेत?

याच सोपेपणामुळे तिसरा आक्षेप येतो: साधा डोंगर म्हटला की माणसं बेसावध होतात. हे खरं आहे. मात्र यातून साधे डोंगर टाळावेत असं निघत नाही. धोका उंचीत कमी आणि पाणी, शेवाळ, ऊन व मधमाश्यांत जास्त असतो, हे कळायला हवं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली; तिथं कुठलंही शिखर नव्हतं. विसापूरची एक वाट दगडधोंड्यांच्या नळीतून, जुन्या पायऱ्यांच्या अवशेषांवरून चढते. कोरड्या दिवसांत ती मजेची आहे. जोराच्या पावसात तीच ओढा होते, आणि तेव्हा तिथं पाऊल घालू नये. विंचूकाट्यावर उतरतानाचा कातळ ओला असेल तर माथ्यावरूनच पाहावं. उन्हाळ्यात विसापूरच्या पठारावर सावली जवळजवळ नाही, आणि टाक्यांचं पाणी पिण्याच्या भरवशाचं नाही. माणशी तीन लीटर पाणी सोबत हवंच.

राहता राहिला क्रम. बहुतेक जण आधी लोहगड करतात, कारण तो नामांकित, आणि मग उरलाच वेळ तर विसापूर. देखाव्याच्या दृष्टीने हे उलटं आहे. विसापूर पूर्वेला, लोहगड पश्चिमेला. सकाळी सूर्य पूर्वेकडे असताना विसापूरच्या पश्चिम तटावर उभं राहिलं तर ऊन आपल्या पाठीवरून जाऊन लोहगडावर आणि त्यामागच्या तुंगवर पडतं, कड्यातला थर न् थर मोजता येतो. मग खिंडीत उतरून, लोहगडवाडीत पिठलं-भाकरी खाऊन, दुपारी लोहगडावर जावं. एव्हाना सूर्य पश्चिमेला कललेला असतो आणि आता उजळतो तो विसापूरचा कडा, तिकोन्याचा त्रिकोण आणि पवनेचं पूर्वेकडचं पाणी. विंचूकाट्याच्या टोकाकडे पाहताना तेवढं ऊन डोळ्यांवर येतं, त्याला इलाज नाही. उलट क्रमाने गेलेल्याला दोन्ही वेळा सूर्याकडे तोंड करून काळ्या सावल्या पाहाव्या लागतात, आणि तो घरी येऊन सांगतो की एवढं काही खास नव्हतं.